नकाशातील कोरी जागा : शिरढोणच्या निमित्ताने नकाशाशास्त्राच्या मूलतत्त्वांची तपासणी

भूपृष्ठाचा एखादा भाग ठराविक प्रमाणात लहान करून सपाट पृष्ठावर दाखविणारे चित्र म्हणजे नकाशा, ही व्याख्या शालेय पुस्तकांपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंत सर्वत्र चालत आलेली आहे. ती चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. प्रमाण किती असावे, काय दाखवावे आणि काय वगळावे, हे प्रश्न ती व्याख्या विचारीतच नाही. परिणामी नकाशाचे परीक्षण करणारा अभ्यासक बहुधा एकच कसोटी लावतो : नकाशा अचूक आहे की नाही. या कसोटीने नकाशांचा इतिहास म्हणजे अज्ञानाकडून अचूकतेकडे होत गेलेला सरळ प्रवास ठरतो, आणि जुन्या नकाशातील प्रत्येक उणीव ही कौशल्याची उणीव ठरते. हा समज कितपत टिकतो हे सिद्धांताच्या पातळीवर पाहण्यापेक्षा एखाद्या लहान गावाच्या उदाहरणावर पाहणे अधिक फलदायी होईल.

पनवेलहून दक्षिणेस गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पळस्पे मागे टाकल्यानंतर आणि कर्नाळ्याची डोंगररांग सुरू होण्यापूर्वी शिरढोण हे गाव लागते. आज रायगड जिल्ह्यात असलेला हा मुलूख १८८२ सालच्या गॅझेटियरात ठाणे जिल्ह्याखाली वर्णिलेला आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथेच झाला, आणि महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते मुख्यतः त्यांच्या वाड्यामुळे. परंतु एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात महसुली मोजणीच्या ज्या रीतीने ग्रामनकाशे तयार झाले, त्या रीतीच्या नकाशात असा वाडा शोधू गेल्यास तो सापडणार नाही. त्यात शेतांच्या हद्दी, सर्वे नंबर, ओढे, रस्ते आणि गावची शीव ही सर्व दाखविलेली असतात; गावठाणाची मात्र बाह्य हद्द तेवढी आखून आतील जागा कोरी सोडलेली असते. जेथे गाव प्रत्यक्ष राहते, तेथेच ग्रामनकाशा मुका आहे. ही कोरी जागा चूक समजावयाची काय? आणि चूक नव्हे, तर काय समजावयाचे? प्रस्तुत विवेचनाचा रोख या प्रश्नांवर आहे.

(१) रेखाटनाविना मोजणी

नकाशाला दोन गोष्टी लागतात : स्थाननिश्चिती आणि रेखाटन. या दोहोंचा संयोग सर्व संस्कृतींत एकाच वेळी झाला असे दिसत नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने स्थळांचे अक्षांश-रेखांश देऊन गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर उतरविण्याच्या रीती सांगितल्या, आणि हा संयोग तेथे तात्त्विक पातळीवर सिद्ध झाला. भारतीय ज्योतिषात स्थाननिश्चितीचे ज्ञान कमी प्रतीचे नव्हते. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेखा, शंकूच्या मध्याह्नछायेवरून काढावयाचा अक्षांश, मध्यरेखेपासून धरावयाचे देशांतर, ही सर्व ग्रंथोक्त होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने सांगितला आहे. परंतु हे ज्ञान पंचांगासाठी आणि ग्रहणगणितासाठी उपयोगात येई. मुलखाचे चित्र काढण्यासाठी त्याचा उपयोग करावा अशी गरज कोणास भासल्याचे दिसत नाही.

जमिनीच्या व्यवहाराचीही स्थिती अशीच होती. ताम्रपटांत दिलेल्या भूमीचे आघाट, म्हणजे चतुःसीमा, शब्दांनी सांगितलेल्या असतात : पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस अमुक वृक्ष, पश्चिमेस अमुक गावची शीव. शिवकालीन जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर असे कोष्टक होते. मोजणी होती, हिशेब होता, दफ्तर होते. पण त्या दफ्तरास चित्राची आवश्यकता नव्हती, कारण हद्द ही गोतसभेच्या स्मरणात आणि महजराच्या शब्दांत सुरक्षित मानली जाई. तंटा पडला म्हणजे कागदावरील रेषेकडे पाहावयाचे नसे. शिवेवरून प्रत्यक्ष चालावयाचे असे.

मराठी अंमलातील मोडी लिपीत नावे लिहिलेले जे नकाशे उपलब्ध आहेत, ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. सुझन गोले यांचा १९८९ सालचा ग्रंथ आणि जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी नकाशाशास्त्राच्या बृहद् इतिहासाच्या १९९२ सालच्या खंडात लिहिलेले प्रकरण यांमुळे या सामग्रीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. त्यांतील सामान्य लक्षणे अशी : डोंगर व किल्ले समोरून दिसतात तसे उभे काढलेले, महत्त्वाचे स्थळ मोठे, बिनमहत्त्वाचे लहान, अंतर सर्वत्र एका प्रमाणात नाही. कर्नाळ्यासारखा किल्ला अशा नकाशात सुळक्यासह उभा दाखविला जाईल. यास अज्ञान म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावयास हवे की, घाटाखाली उतरणाऱ्या पथकास किंवा पनवेलच्या बंदराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यास कर्नाळा ओळखावयाचा असे तो सुळक्यावरून. समोच्च रेषा समान उंचीची स्थळे जोडतात. त्यामुळे जवळजवळ सरळ उभ्या खडकावर त्या एकमेकींत मिसळून जातात, आणि स्थलनिर्देशक नकाशास तेथे वेगळ्या सांकेतिक खुणेचा आश्रय घ्यावा लागतो. जुन्या चित्रकाराने जे सहज साधले ते नव्या पद्धतीस मुद्दाम साधावे लागते. उलट, त्या जुन्या नकाशावरून किल्ल्यापासून शिरढोणपर्यंतचे अंतर काढता येणार नाही. दोन्ही नकाशे आपापल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्याच्या प्रश्नापुढे दोन्ही निरुत्तर होतात.

(२) सकलाकडून अंशाकडे

आधुनिक सर्वेक्षणाचे पहिले तत्त्व सकलाकडून अंशाकडे जाण्याचे आहे. प्रथम एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घेऊन त्रिकोण सिद्ध करावयाचा. त्याच्या बाजूंवर पुढील त्रिकोण रचीत जावयाचे. अशा जाळ्यात मुलूख बांधला म्हणजे आतील तपशिलातील चूक त्या तपशिलापुरतीच राहते, साचत जात नाही. हॉलंडमध्ये स्नेल याने या रीतीने केलेले काम १६१७ साली प्रसिद्ध झाले, आणि अठराव्या शतकात कॅसिनी घराण्याने सबंध फ्रान्सचा नकाशा तिच्या आधाराने केला. भारतात विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हे कार्य आरंभिले. त्रिकोणांची ती मालिका उत्तरेकडे नेत असता १८२३ साली त्याचा मृत्यू झाला तो वऱ्हाडाच्या सीमेवरील हिंगणघाट येथे. त्याची समाधी तेथेच आहे. कोकणात टॉमस बेस्ट जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने पेशवाई बुडाल्यानंतरच्या दशकात मोजणी केली, आणि १८४० साली कोकणचे भौगोलिक व सांख्यिक वर्णन प्रसिद्ध केले.

दुसरे तत्त्व प्रक्षेपणाचे. गोलाचा पृष्ठभाग सपाट कागदावर विकृतीशिवाय उतरत नाही. आकार, क्षेत्रफळ, अंतर आणि दिशा यांपैकी काय राखावयाचे व काय सोडावयाचे हे ठरवावे लागते. १५६९ साली मर्केटरने दिशा राखली व क्षेत्रफळ सोडले, कारण त्याचा वाचक नावाडी होता. मात्र एका गावाच्या विस्तारात हा प्रश्न उद्भवत नाही : दहा किलोमीटर लांबीचा भूगोलावरील कंस आणि त्याची सरळ ज्या यांच्या लांबीत सुमारे एका मिलिमीटरचा फरक पडतो. ग्रामनकाशा पृथ्वीला सपाट मानतो आणि तसे मानण्याचा त्याला अधिकार आहे. अडचण येते ती एका गावाचा नकाशा दुसऱ्याशी, आणि अखेर सबंध देशाशी, जुळवावयाच्या वेळी.

ही जुळणी कशी होते हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांच्या क्रमांकांवरून स्पष्ट होईल. चार अंशांच्या चौकोनास एक अंक दिलेला आहे. ७२ ते ७६ पूर्व रेखांश व १६ ते २० उत्तर अक्षांश यांमधील चौकोन म्हणजे ४७. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग रोमन अक्षरांनी दर्शविलेले असतात, आणि प्रत्येक भागाची पंधरा मिनिटांची सोळा पत्रके होतात. शिरढोण ज्या पत्रकात येते तो ४७ एफ/१ होय. केवळ या क्रमांकावरून त्या गावाचे पृथ्वीवरील स्थान पंधरा मिनिटांच्या चौकटीत निश्चित होते. गावात कोण राहतो, जमीन कोणाची, याचा या स्थाननिश्चितीशी काहीही संबंध नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य आहे.

तिसरे तत्त्व प्रमाणाचे. पूर्वीची स्थलनिर्देशक पत्रके एक इंचास एक मैल, म्हणजे १ : ६३,३६० या प्रमाणाची होती, पुढे दशमान पद्धतीत १ : ५०,००० हे प्रमाण आले. कागदावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेषा ओढली, तर पहिल्या प्रमाणात ती जमिनीवरील सुमारे ३२ मीटर व्यापते. कोकणातील आळी, तिच्यातील घरे आणि मागील परसू हे सर्व त्या एका रेषेखाली झाकले जाईल. तेव्हा अशा पत्रकावर गाव ठिपक्यांच्या पुंजक्याने दाखविले तर तो दोष नव्हे. प्रमाण निवडले त्याच क्षणी वगळावयाच्या गोष्टीही निवडल्या गेल्या.

(३) साखळी, टिपण आणि सारा

महसुली मोजणीचा मार्ग याच्या उलट होता. पुणे प्रांतात प्रिंगल याने केलेली आधीची मोजणी व आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत घातली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप आले, आणि शतकाच्या मध्यानंतर ती ठाणे जिल्ह्यातही पसरली. येथे आरंभ शेतापासून होतो. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी हे मुख्य साधन. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा, म्हणजे ४३,५६० चौरस फुटांचा, एक एकर. मोजणीदार शेतात शंकूने काटकोन साधीत साखळी टाकतो आणि मापे टिपणात लिहितो. शेतांतून गाव जुळविले जाते. हा प्रवास अंशाकडून सकलाकडे जाणारा आहे, आणि त्रिकोणमितीय जाळ्याशी सुरुवातीस तो बांधलेला नव्हता. म्हणून शेजारच्या दोन गावांचे नकाशे कडेला कडा लावून ठेवले असता शिवा नेहमी जुळतातच असे नाही.

त्रिकोणमितीच्या दृष्टीने हा मोठाच दोष आहे. परंतु मोजणीचा प्रश्न काय होता ते पाहिले म्हणजे दोषाचे स्वरूप बदलते. सरकारला प्रत्येक शेताचे क्षेत्र, त्याची प्रत आणि त्यावरील आकार ठरवावयाचा होता. क्षेत्र बरोबर आले, प्रतबंदी झाली, हद्दीवर दगड व वरोळ्या उभ्या राहिल्या, की काम झाले. शेत पृथ्वीवर नेमके कोठे आहे याने साऱ्यात एका पैचाही फरक पडत नव्हता. आणि गावठाणातील घरांवर शेतसारा नव्हता. म्हणून साखळी गावठाणाच्या कडेने फिरली. आत गेली नाही.

कोऱ्या जागेचे कारण येथे सापडते. मोजणीदारास वाडा दिसला नाही असे नव्हे. बहुधा त्याच आळीत त्याचा मुक्काम असे. त्याच्या हातातील कागदाने वाड्याविषयी काही विचारले नव्हते. ही जागा अज्ञानामुळे कोरी नाही, अनास्थेमुळे कोरी आहे. आणि ती अनास्था एका व्यक्तीची नसून पद्धतीची आहे. अज्ञानाची कोरी जागा पुढील मोजणी भरून काढते. पद्धतीने सोडलेली जागा, पद्धती बदलेपर्यंत, प्रत्येक मोजणीत नव्याने कोरी राहते.

टिपणाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. टिपण प्रमाणबद्ध नसते. हाताने काढलेल्या ओबडधोबड आकृतीवर साखळी-आण्यांचे आकडे मांडलेले असतात. ग्रामनकाशा त्याहून कितीतरी सुबक. परंतु आठ इंचास एक मैल या प्रमाणाच्या ग्रामनकाशात एक साखळी म्हणजे इंचाचा विसावा भाग, आणि अर्ध्या मिलिमीटरची रेषा म्हणजे जमिनीवरील सुमारे चार मीटर. भाताच्या खाचरांमधील बांधाचा तंटा हातादोनहातांचा असतो. तो या रेषेच्या जाडीतच बुडून जातो. अशा वेळी मोजणीदाराला सुबक नकाशा सोडून ओबडधोबड टिपणाकडेच वळावे लागते. दिसण्यातील अचूकता आणि उपयोगातील अचूकता या भिन्न गोष्टी आहेत हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

(४) दोन समीक्षापद्धती

या विषयावरील लेखनात दोन दृष्टिकोन ठळकपणे दिसतात. पहिला फिलिमोर यांच्या भारतीय सर्वेक्षणाच्या ऐतिहासिक दफ्तरावरील खंडांत आढळतो. १९४५ पासून प्रसिद्ध होत गेलेले हे खंड माहितीची खाणच आहेत. मोजणीदारांची चरित्रे, उपकरणे, खर्च, हवामान, आजार, सर्व काही त्यांत आहे. परंतु त्यांतील इतिहास हा अचूकतेच्या प्रगतीचा इतिहास आहे. या दृष्टीस गावठाणाची कोरी जागा दिसतच नाही, कारण तेथे काही चुकलेले नाही.

दुसरा दृष्टिकोन ब्रायन हार्ली यांच्या १९८९ सालच्या निबंधाने रूढ झाला. नकाशा हा सत्तेचा लेख आहे, त्यातील मौनही अर्थपूर्ण असते, हे हार्ली यांचे म्हणणे शिरढोणसारख्या गावाच्या संदर्भात अक्षरशः पटते. मॅथ्यू एडनी यांनी १९९७ साली हाच धागा हिंदुस्थानातील सर्वेक्षणाला लावला, आणि त्रिकोणमितीचा आदर्श व प्रत्यक्षातील तडजोडी यांमधील अंतर साधार दाखविले. परंतु एडनी यांच्या विवेचनाची मर्यादा १८४३ पर्यंतची आहे आणि त्यांचा भर साम्राज्याच्या भौगोलिक चित्रावर आहे. साखळी घेऊन खाचरात उतरलेली मोजणी त्यांच्या कक्षेच्या कडेला राहते. येथेच या दृष्टीची उणीव प्रतीत होते. नकाशा सत्तेने सत्तेसाठी केला हे मान्य केले, तरी तो सत्तेच्याच हाती राहिला असे म्हणता येत नाही. सारा बसविण्यासाठी झालेले टिपण पुढे लहान खातेदाराचे बलवान शेजाऱ्याविरुद्धचे साधन झाले. बांध कोरला गेला म्हणजे तो मोजणीचा अर्ज करतो, आणि आकारणीसाठी लिहिलेले आकडे त्याच्या बाजूने साक्ष देतात. सत्तेच्या लेखाचा असा उलट उपयोग हार्ली यांच्या चौकटीत सहज बसत नाही.

अर्थात पहिली दृष्टी नकाशाच्या हेतूकडे पाहत नाही, आणि दुसरी मूळ हेतूपाशीच थांबते. नकाशाच्या परीक्षणास तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतील : तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तयार झाला, त्या प्रश्नापुरता तो किती विश्वसनीय आहे, आणि पुढे तो कोणत्या, मुळात नसलेल्या, प्रश्नांसाठी वापरला गेला. अन्याय बहुधा तिसऱ्या टप्प्यावर होतो.

(५) कोऱ्या जागेचे परिणाम

हा विचार केवळ ग्रंथगत नाही. पनवेल परिसरात गेल्या अर्धशतकात नवी मुंबई वसली, महामार्ग रुंदावले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. शेतजमिनीचा मोबदला ठरविताना सर्वे नंबर, क्षेत्र आणि सातबारा हे आधार होते. गावठाणातील घरापाशी आल्यावर मात्र असा आधार सहसा नसे. सारा नाही म्हणून मोजणी नाही. मोजणी नाही म्हणून अभिलेख नाही. अभिलेख नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचे घर तारण ठेवता येत नाही, आणि वाढत्या कुटुंबाने शेजारी बांधलेली खोली अतिक्रमण ठरण्याची भीती राहते. सवलत म्हणून जी जागा मोजणीतून सुटली, तीच पुढे अडचणीचे मूळ झाली.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात गावठाणाच्या हद्दी ठरविण्याची व आतील जमिनी मोजण्याची तरतूद आहे. परंतु या कामास व्यापक गती आली ती ड्रोनच्या साहाय्याने. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे प्रायोगिक काम झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व या नावाने देशव्यापी योजना जाहीर झाली. या नकाशांचे प्रमाण १ : ५०० आहे, अर्ध्या मिलिमीटरची रेषा येथे केवळ २५ सेंटिमीटर व्यापते. कोरी जागा अखेर भरली जात आहे, आणि हे स्वागतार्ह आहे.

तथापि वर सांगितलेले तीन प्रश्न या नव्या नकाशालाही विचारले पाहिजेत. आकाशातून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कोकणात पावसामुळे वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणात पडतात, आणि तसे पडू देण्याचा हक्क शेजारधर्माने चालत आलेला असतो. सामाईक विहिरीवरील पाळी, देवळापुढील मोकळी जागा, परसातून जाणारी पायवाट, यांना छप्पर नाही. म्हणूनच उड्डाणापूर्वी ग्रामस्थांच्या समक्ष जमिनीवर चुन्याने हद्दी आखाव्या लागतात. उपग्रहांशी बांधलेल्या या अत्याधुनिक मोजणीतही अखेरचा निर्णय शिवेवरून चालणाऱ्या माणसांच्या साक्षीवर येऊन ठेपतो. मिळकत पत्रिकेत एकच रेषा आणि एकच नाव येते. जे हक्क रेषेत मावत नाहीत ते आता वगळले गेले, तर उद्याची कोरी जागा आजच तयार होईल, आणि ती कोरी दिसणारही नाही, कारण तिच्यावर रंग भरलेला असेल.

नकाशाशास्त्राची मूलतत्त्वे, म्हणजे नियंत्रण, प्रक्षेपण, प्रमाण, निवड आणि सांकेतिक खुणा, ही तंत्राची तत्त्वे म्हणून शिकविली जातात. ती तशी आहेतच. पण त्यांतील प्रत्येक तत्त्व हे काय राखावे व काय सोडावे याचा निवाडाही आहे. शिरढोणच्या वेशीवर उभे राहून पाहिले असता समोर वाडा आहे, मागे कर्नाळ्याचा सुळका आहे आणि भोवती खाचरांचे बांध आहेत. मोडी नकाशाने सुळका राखला, महसुली नकाशाने बांध राखले, स्थलनिर्देशक पत्रकाने गावाचे पृथ्वीवरील स्थान राखले, आणि वाड्याची पाळी सर्वांत शेवटी आली. यांपैकी कोणताही नकाशा खोटा नाही. परंतु कोणत्याही एकास संपूर्ण मानून त्यावरून निवाडा करणे हे मात्र खोटे ठरेल, आणि ते ओळखणे हेच नकाशाच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य होय.